जेलचं कव्हर काढा, मग सीटचं बोलू

प्रश्न : मी ४४ वर्षांची, उंची १५७ सेंमी. तीन वर्षं रोडबाईक चालवते. चाळीस-पन्नास किलोमीटरपर्यंत काही वाटत नाही. पुढे मात्र समोरचा नाजूक भाग बधिर होत जातो, घरी आल्यावर डाव्या बाजूला सूज दिसते आणि लघवी करताना चुरचुरतं. मूळ सीट टणक होती म्हणून रुंद, मऊ ‘लेडीज’ सीट घेतली. वर जेलचं कव्हर चढवलं. तरी भागेना म्हणून सीटचं नाक (पुढचं टोक) बरंच खाली झुकवलं, तर आता तळहातांना मुंग्या येतात. सायकलच्या दुकानात विचारलं तर ‘सवय होईल’ म्हणाले. अडीच महिन्यांनी २०० किमीची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायची आहे. नेमकी कोणती सीट घेऊ? हे कुणाला मोकळेपणाने विचारताही येत नाही. (नाव छापू नये.)

ताई, नमस्कार.

सवय होते ती बैठकीच्या हाडांवरच्या दुखण्याची. कडक पाटावर बसून नितंबाखाली हात घातलात की दोन टणक गोटे लागतात, ती ही हाडं. नव्या सायकलस्वाराला तिथे दोन-तीन आठवडे ठणकतं, मग थांबतं. तुमचं दुखणं त्याच्या पुढचं आहे. समोरचा मांसल भाग जघनाच्या हाडाखाली सीटवर दाबला जातो, तिथली नस आणि रक्तवाहिन्या चेपतात, म्हणून बधिरपणा. वर घासलं जातं, म्हणून सूज आणि चुरचुर. त्याची सवय होत नाही. अंतर वाढलं की तेही वाढतं.

कोणती सीट घ्यायची ते सांगतो, पण शेवटी. तुम्ही एकावर एक तीन बदल केलेत, त्यामुळे आता कुठला बदल काय करतोय हे कुणालाच सांगता येणार नाही. आधी ते एकेक उलटवू.

पहिल्यांदा जेलचं कव्हर काढा. मऊ गादीवर बसलं की हाडं आत रुततात आणि दोन हाडांमधली गादी वर फुगते. ती फुगते नेमकी जिथे काही टेकायला नको तिथे. वीस मिनिटं छान वाटतं, दोन तासांनी तोच फुगवटा छळतो. शिवाय मऊ सीट मागून जास्त दबते, म्हणजे रिकामी असताना सपाट दिसणारी सीट तुम्ही बसल्यावर नाक वर करून उभी राहते. नाक खाली झुकवावंसं वाटलं त्यामागे हे एक कारण असणार. रुंद सीटचा आणखी एक तोटा सहसा कुणी सांगत नाही : मागचा भाग मांड्यांच्या आड येतो, पेडल मारताना मांड्या तुम्हाला पुढे ढकलतात आणि नकळत तुम्ही नाकावर बसू लागता. तेव्हा मूळ टणक सीट टाकून दिली नसेल तर ती परत चढवा. सगळी मापं तिच्यावरच घेऊ.

आता नाक. सायकल सपाट फरशीवर उभी करा, फरशी खरंच सपाट आहे ना ते फोनमधल्या लेव्हलने आधी बघा. सीटवर कडक पुठ्ठ्याचं पुस्तक लांबीच्या दिशेने ठेवा, त्यावर फोन. शून्य अंशावर आणा. सीटचा मागचा भाग उंच उठलेला असेल तर पुस्तक तिथे टेकून चुकीचं माप देतं, अशा सीटवर फक्त पुढचा दोन-तृतीयांश भाग मोजायचा. इथून पुढे अर्ध्या-अर्ध्या अंशाने खाली जायचं, बहुतेक जणींचं एक ते तीन अंशांत भागतं. त्याहून जास्त झुकवली की अंग पुढे घसरतं, ते हातांनी रेटून धरावं लागतं आणि तळहातांना मुंग्या येतात. तुमचं तेच झालंय. (२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने शर्यतींसाठी झुकावाची मर्यादा ९ अंशांपर्यंत वाढवली, त्याचा दाखला कुणी दिला तर बिचकू नका. एवढा झुकाव कोपरं हँडलवर टेकवून पार आडवं होणाऱ्यांच्या कामाचा आहे.)

यानंतर उंची, आणि इथे घाई करू नका. नाजूक भागाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणींची सीट मुळात उंच असते. पाय तळापर्यंत पोचवायला कंबर प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे झुकते आणि समोरचा भाग सीटवर करवतीसारखा घासत राहतो. माप असं घ्या : अनवाणी भिंतीला पाठ लावून उभ्या राहा, तेच कडक पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं घट्ट वर दाबा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्या आकड्याला ०.८८३ ने गुणा. ७४ सेंमी आलं तर उत्तर साधारण ६५.३ सेंमी. पेडलच्या दांड्या जिथे फिरतात त्या मधल्या आसाच्या केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) रेषेत, एवढं अंतर ठेवून सुरुवात करा. पडताळा म्हणून टाच पेडलवर ठेवून उलटं फिरवा : पेडल तळाला असताना पाय सरळ व्हावा, पण कंबर हलू नये. मग चवडा पेडलवर घेतला की गुडघा २५ ते ३५ अंशांत वाकलेला दिसतो.

हे सूत्र सुरुवातीपुरतं. जाड तळव्याचे बूट, जाड पॅडची शॉर्ट्स, यांनी पाच-सात मिलिमीटर सहज इकडेतिकडे होतात. खरी परीक्षा मागून काढलेल्या व्हिडिओत. कुणाला तरी एक मिनिट मागून चित्रण करायला सांगा आणि शॉर्ट्सच्या कमरेची शिवण बघा. शिवण तराजूसारखी वर-खाली होत असेल तर सीट ३ मिमी खाली घ्या, पुन्हा बघा. फार खाली गेल्याची खूणही लक्षात ठेवा : गुडघ्याच्या वाटीपुढे दुखतं. उंच असल्यावर गुडघ्यामागची शीर ओढते.

तुमची उंची बघता पेडलच्या दांड्यांची लांबीही तपासा. दांडीच्या आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो. लहान मापाच्या सायकलींवरही सर्रास १७० मिमीच्या दांड्या येतात. पेडल माथ्यावर असताना मांडी पोटाकडे इतकी वर येते की कमरेला वाकडं होण्यावाचून गत्यंतर राहत नाही. १६५ किंवा १६० मिमीने बराच फरक पडतो, पण हा खर्चाचा भाग, म्हणून बाकी सगळं जमवूनही कंबर हलत राहिली तरच. दांडी ५ मिमी आखूड केलीत तर सीट ५ मिमी वर घ्यायला विसरू नका.

सूज फक्त डावीकडेच का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण पत्रातला सगळ्यांत उपयोगी धागा तोच आहे. आधी सोपं बघा : सीटचं नाक वरच्या नळीच्या अगदी रेषेत आहे का? पडलेल्या सायकलीत ते दोन-तीन अंश फिरलेलं असतं आणि लक्षात येत नाही. सीट एका बाजूला बसकी झाली आहे का, खालचा एखादा रेल (सीटखालची सळई) वाकलाय का, तेही मागून बघा. दोन्ही बुटांच्या क्लीट (तळव्याला लावलेल्या, पेडलमध्ये अडकणाऱ्या पट्ट्या) सारख्या जागी आहेत का? हे सगळं ठीक असेल तर एक पाय किंचित आखूड असण्याची शक्यता उरते. तो पाय खाली पोचवायला कंबर त्या बाजूला कलते. क्लीटखाली पातळ चकती घालून हे सुधारता येतं, पण आधी फिजिओथेरपिस्टकडून माप घ्या, अंदाजाने चकत्या घालू नका. आणि एक अगदी साधी गोष्ट : बाहेरचे किंवा आतले ओठ दोन्हीकडे सारखे नसणं पूर्ण नैसर्गिक आहे. मोठ्या बाजूला घर्षण आधी होणारच. यात संकोचण्यासारखं काही नाही. मात्र सीटच्या मधल्या फटीचा आकार निवडताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

पुढचं-मागचं अंतर ठरवायला पेडलच्या दोन्ही दांड्या आडव्या करा. पुढच्या गुडघ्याच्या वाटीखाली जो हाडाचा उंचवटा लागतो तिथून ओळंबा सोडा. तो पेडलच्या आसावरून किंवा त्याच्या थोडा मागून जावा. दोऱ्याला नट बांधला की ओळंबा तयार. सीट १० मिमी मागे गेली की ती तुमच्या पायासाठी जवळपास ३ मिमी उंच होते, तेवढी खाली घ्यायची. बरेच जण हे विसरतात आणि मागे सरकवल्यावर त्रास वाढला म्हणून पुन्हा पुढे आणतात.

हँडल लांब पडतं म्हणून सीट पुढे ओढणं ही आणखी एक नेहमीची चूक. वजन हातांवर आणि गुडघ्यांवर येतं, मूळ प्रश्न तसाच राहतो. हँडल लांब किंवा फार खाली असेल तर ओटीपोट पुढे वळतं आणि वजन बैठकीच्या हाडांवरून निघून समोर येतं. मग कितीही महागडी सीट आणा. ब्रेकच्या हुडांवर (ब्रेकच्या वरच्या रबरी मुठींवर) हात ठेवून कोपरं सहज सैल राहतात का बघा. नसतील तर १० मिमी आखूड स्टेम (हँडल धरून ठेवणारा पुढचा तुकडा) लावा, किंवा स्टेमखाली स्पेसर (कड्या) सरकवून हँडल ५-१० मिमी वर घ्या. स्टेम उलटा बसवल्यानेही हँडल वर येतं. लांब पल्ल्याला हँडल सीटच्या पातळीत असलं तर कुणी हसत नाही.

एवढं केल्यावर आठवडाभर चालवून बघा. काही जणींचं काम इथेच होतं आणि नव्या सीटचे पैसे वाचतात.

बधिरपणा राहिलाच, तर आता हाडांचं माप. पन्हाळी पुठ्ठ्याचा, म्हणजे खोक्याच्या पुठ्ठ्याचा, चौकोन कडक स्टुलावर ठेवा. पातळ कपडे घालून त्यावर बसा, पाय एखाद्या ठोकळ्यावर घ्या म्हणजे गुडघे कमरेपेक्षा वर येतील. स्टुलाच्या कडा हातांनी धरून स्वतःला अर्धा मिनिट खाली खेचा. उठल्यावर पुठ्ठ्यात दोन खळगे दिसतील. नीट दिसले नाहीत तर खडू आडवा धरून वरून फिरवा, खळगे कोरे राहतात. दोन्हींच्या मध्याला खूण करून अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. नवा पुठ्ठा घेऊन तीनदा करा, दोन आकडे जुळले की तो धरा.

सीटची रुंदी ही हाडांच्या अंतरापेक्षा जास्त हवी, कारण सीटच्या कडा उतरत्या असतात आणि हाडं सपाट भागावर बसायला हवीत. रोडबाईकवर मध्यम वाकून चालवणारीने साधारण २० मिमी मिळवावेत, खूप वाकणारीने १०, ताठ बसणारीने ३० ते ४०. कारण वाकलं की भार मागच्या रुंद टोकांवरून पुढे सरकतो, तिथे हाडं एकमेकांजवळ येत जातात. तुमचं माप १२८ मिमी आलं असं धरलं तर १४८, म्हणजे बाजारातली १५० किंवा १५५ ची सीट. रुंदी बहुतेक सीटच्या खाली किंवा मागे छापलेली असते. नसली तर सर्वांत रुंद जागी पट्टीने मोजा.

अरुंद सीटची खूण अशी की हाडं कडेवरून घसरतात आणि भार मधल्या मांसावर येतो. रुंद सीटची खूण मांडीच्या आतल्या बाजूला, जांघेजवळ काचण्याची. जुन्या शॉर्ट्सचं पॅड उलटून बघा : कापड कुठे झिजलंय, कुठे चकाकतंय, ते सगळं सांगतं. तुमची झीज पुढच्या बाजूला असणार.

‘लेडीज’ या शब्दावर जाऊ नका. बायकांचं ओटीपोट सरासरीने रुंद असतं हे खरं, पण सरासरी तुमच्या सायकलवर बसत नाही. अरुंद हाडांच्या बायका आणि रुंद हाडांचे पुरुष भरपूर आहेत. बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या सीटमध्ये नाक आखूड आणि मधली फट मोठी असते, ते उपयोगी पडू शकतं. नुसती गुबगुबीत गादी असेल तर ती शहरात दोन किलोमीटर ताठ बसून जाण्यासाठी आहे.

फटीबद्दल दुकानात फार ढोबळ बोललं जातं. आरपार फट, खोल खाच आणि मधे मऊ पडदा, असे तीन प्रकार आहेत. दाब जिथे येतो तिथपर्यंत फट पुढे आलेली हवी, कित्येक सीटमध्ये ती मागेच संपते आणि तुमच्यासारखीला तिचा उपयोग शून्य. दुसरी अडचण उलटी : फट रुंद आणि कडा टोकदार असल्या तर मांस त्यात उतरून सुजतं आणि कडेवर घासतं. ज्यांचे आतले ओठ बाहेर येतात त्यांना आरपार फटीपेक्षा खाच किंवा मऊ पडदा बरा पडतो. डावीकडची सूज बघता आरपार फटीची सीट घेतलीत तर बोट फिरवून कडा गोलसर आहेत ना याची खात्री करून घ्या.

वरून बघितल्यावर सीट दोन घाटांच्या दिसतात. एक नासपतीसारखी हळूहळू रुंद होते, दुसरी बराच वेळ अरुंद राहून मागे एकदम पसरते. मांड्या काचत असतील तर दुसरी. बाजूने बघितल्यावर सपाट सीटवर जागा बदलत राहता येतं, खोलगट सीट एकाच जागी धरून ठेवते. वाकून मागे-पुढे सरकणारीला सपाट, एका जागी स्थिर बसणारीला किंचित खोलगट. आखूड नाकाच्या सीट २४० ते २५० मिमी लांब असतात, जुन्या पद्धतीच्या २७० ते २८०. वाकून चालवताना समोर दाबणारं नाकच कमी झाल्याने तुमच्या तक्रारीला आखूड सीट आधी आजमावावी असं आमचं मत. चामड्याची ताणलेली सीट अंगाला छान बसते, पण ती रुळायला शेकडो किलोमीटर लागतात. अडीच महिन्यांत तो प्रयोग नको.

घेण्याआधी काही दिवस वापरून परत करता येणारी सीट मिळाली तर उत्तम. बदलताना जुन्या सीटच्या नाकाशी नव्याचं नाक जुळवू नका. आखूड सीट अशाने ३ सेंमी पुढे बसेल. दोन्ही सीटवर जिथे रुंदी ८० मिमी होते तिथे टेप चिकटवा आणि त्या खुणा जुळवा. उंचीही तिथेच मोजा. प्रत्येक सीटची जाडी वेगळी असते, सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) हात न लावता सीट बदलली तरी उंची एक सेंटिमीटरने बदलू शकते. क्लॅम्प (सीट पोस्टला आवळणारी पकड) रेलच्या सरळ भागावरच धरावा, वळणावर नाही. बोल्ट किती घट्ट करायचा तो आकडा क्लॅम्पवर छापलेला असतो, आणि सीटपोस्टवरची किमान खूण फ्रेमबाहेर दिसेल इतका तो वर खेचायचा नाही.

शॉर्ट्सविषयी थोडक्यात. आत चड्डी घालायची नाही, कारण तिच्या शिवणीच काचतात. पॅड जाड असण्यापेक्षा घट्ट बसणारं आणि मधे शिवण नसलेलं हवं. सैल शॉर्ट्समध्ये पॅड सरकतं आणि त्वचा घासतं. लांब अंतराला घर्षण कमी करणारं क्रीम त्वचेला लावा, पण मेन्थॉलचं घेऊ नका, नाजूक भागावर ते आग करतं. पाळी असेल तर पंख असलेलं सॅनिटरी पॅड मांडीला काचतं. मेन्स्ट्रुअल कपची सवय असेल तर तो बरा, पण पहिला प्रयोग ब्रेव्हेच्या दिवशी नको. तिथले केस काढत असाल तर थांबवा. केस घर्षण आणि घाम झेलतात. वस्तऱ्यानंतर आत वळणाऱ्या केसांमुळे केसतोड होतात आणि एक केसतोड शंभर किलोमीटर बसू देत नाही. राइड संपली की ओल्या शॉर्ट्समध्ये गप्पा मारत बसू नका. उतरवा, साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, सैल सुती घाला. शॉर्ट्स दर वेळी धुवा, कपडे मऊ करणारं द्रावण वापरू नका.

एक गोष्ट मात्र सीटवर सोडून चालणार नाही. लघवीची चुरचुर राइडनंतर दुसऱ्या दिवशीही राहत असेल, वारंवार लागत असेल, ताप येत असेल तर तो मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. रस्त्यात जायला नको म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायकांना तो लवकर गाठतो. बधिरपणा काही तासांनी न जाता दिवसभर राहिला, सूज दोन-तीन दिवसांत उतरली नाही, गाठ लागली किंवा पू आला तरी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा आणि सायकलिंगचं स्पष्ट सांगा. चाळिशीनंतर रजोनिवृत्तीकडे जाताना तिथली त्वचा पातळ आणि कोरडी होऊ लागते. पूर्वी चालणारी सीट अचानक टोचू लागते ती यामुळेही. त्यावर उपचार आहेत.

अडीच महिने पुरेसे आहेत, फक्त एका वेळी एकच बदल करा. प्रत्येक बदलानंतर किमान दीड-दोन तासांची राइड. वहीत तारीख, काय बदललं, किती मिलिमीटर, कितव्या किलोमीटरला काय जाणवलं, एवढं लिहा. ट्रेनरवर (घरात सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) तपासणार असाल तर लक्षात घ्या, तिथे अंग हलत नाही म्हणून त्रास रस्त्यापेक्षा लवकर सुरू होतो. राइडमध्ये दर दहा-पंधरा मिनिटांनी वीस-तीस सेकंद उभं राहून पेडल मारा, एक गिअर जड करून. चढावाची वाट बघू नका. २०० किमीला साडेतेरा तास असतात, त्यात हे उभं राहणं आणि तास-दोन तासांनी उतरून चार पावलं चालणं सहज मावतं.

ब्रेव्हेच्या तीन आठवडे आधी शेवटचं माप पक्कं करा आणि किमान एकदा १२० ते १५० किमी त्याच सीटवर, त्याच शॉर्ट्समध्ये जा. सीटपोस्टभोवती फ्रेमला लागून टेपचा एक वेढा द्या, म्हणजे पोस्ट घसरला तर दिसेल. खिशात ४, ५ आणि ६ मिमीची ॲलन की ठेवा. रस्त्यात बधिर वाटलं तर आधी उभ्या राहा, मग हँडलवरची पकड बदला, आणि तरीही नाही गेलं तरच नाक अर्धा अंश खाली.